बिनओळखीची खोली

१२ जानेवारी

वर बिस्मिल्ला लिही. आता तारीख. ती मला काय विचारतेस, भिंतीवर बघ.

ही जाडजूड डायरी नबीलने बहरीनहून आणली, कंपनीने फुकट दिलेली. घरात कुणाला नको होती. मी म्हटलं, मला द्या. सगळे हसले. दादीला अक्षराची ओळख नाही, ती डायरी काय उशाला घेणार? म्हटलं, लिहिता नसेल येत, बोलता तर येतं. तोंड माझं, बोटं झरीनची. झरीन ही नबीलची बायको, माझी नातसून. चिपळूणला रक्त-लघवी तपासायचं शिकलेली पोर, आमच्याकडे बांगडे साफ करते. तिचं अक्षर सुबक आहे म्हणतात. मला सगळ्या मुंग्याच दिसतात.

आता मुद्दा. मुद्दा म्हणजे तूच गो. मान खाली घालू नकोस, लिही.

गेल्या वर्षी यांचं लग्न झालं आणि मेंदी उतरायच्या आत नबील बहरीनला परत गेला. आता आलाय, रमजानच्या आधी पुन्हा जाणार. कंपनीने हातात कागद देऊन पाठवलंय, आणखी तीन वर्षं राहतो म्हणून सही कर. सही अजून व्हायचीय. पण आला त्या दिवसापासून या दोघांचं एक धड बोलणं माझ्या कानावर आलेलं नाही. "जेवलात?" "हो." "चहा?" "चालेल." एसटीत शेजारी बसलेली अनोळखी माणसं याहून जास्त बोलतात. हे असेच तीन वर्षांसाठी वेगळे झाले, तर पुढच्या खेपेला एकमेकांना नाव विचारतील.

आखातातून माणूस आला की तो एकट्या आपल्या घरचा नसतो. तिथल्या पोरांनी त्याच्या बॅगेत सामान कोंबलेलं असतं. ते न्यायला वाडीतले येतात, "माझा मुलगा बारीक झालाय का रे?" विचारतात, चहा पितात आणि बसतात. नबीलने मोठा टीव्ही आणला, तो लावला यांच्याच खोलीत. म्हणून माझी सून बिल्किस मालिका संपेपर्यंत तिथे. तिचा नवरा, माझा अली, बोटीवर. तिला तरी दुसरं काय? आणि खुर्चीसारखा संडास आहे, तोही यांच्याच खोलीला जोडलेला. माझे गुडघे वाकत नाहीत, मला रात्रीतून दोन-तीनदा जावं लागतं. पण माझा काही त्रास नाही. मी डोळे मिटून जाते.

पेन का थांबलं? लिही. डोळे मिटून जाते.

यांना आठवडाभर कुठेतरी पाठवायला हवं. आम्हाला नव्हती असली गरज. मी आणि तुझे दादा, एवढा मोठा संसार, एक वाकडा शब्द नाही. ते बोटीवर खलाशी. दर खेपेला माझ्यासाठी हिरवं लुगडं आणायचे. कपाट भरलंय. ते जाऊन अकरा वर्षं झाली, मी अजून हिरवंच नेसते. याला म्हणतात जमणं.

१५ जानेवारी

आयात, म्हणजे नबीलची बहीण, कॉलेजात जाते. तिने फोनवर राहायच्या जागा दाखवल्या. म्हणे "रोमँटिक स्टे, निसर्गाच्या कुशीत, तुमच्या बजेटमध्ये."

एका खोलीत न्हाणीला भिंतच नव्हती, नुसती काच. म्हटलं, बिचाऱ्यांचे बांधता बांधता पैसे संपले वाटतं. दुसरीकडे बिछान्यावर टॉवेलची दोन बदकं करून ठेवलेली, चोचीला चोच लावून. मग अंग कशाने पुसायचं? तिसरीकडे झाडाला टांगलेली झोळी. आमच्याकडे त्यात पोराला निजवतात.

"आयात, रोमँटिक म्हणजे काय गो?"

"म्हणजे दादी, तिथे दोघांनी काही करायचं नसतं. नुसतं बसायचं."

"त्याचे पैसे घेतात? आपल्या अंगणात बसा म्हणावं."

"अंगणात तू असतेस."

मी असते तर काय झालं? मी काय बसू देत नाही?

सगळ्या जागा महाग. ज्या स्वस्त, त्यांच्या फोटोत नुसता समुद्र, खोली दिसेचना. तेवढ्यात झरीन हळूच म्हणाली, "खेडच्या बाजूला काही नाही का? स्टेशनजवळ?" खेडला! अगो, तिथे एसटीचा डेपो, बाजार आणि जगबुडी नदी. नवऱ्याला डेपो दाखवायला नेणार तू? काय मनात आहे तुझ्या, मला काही कळत नाही. हेही लिही.

१७ जानेवारी

आज जुम्मा. नबील मशिदीत गेला, मी सदूची रिक्षा बोलावली. सदू पलीकडच्या वाडीतला, रिक्षा त्याची पण रस्ता मी सांगते. जयगडला त्याच्या माहितीचं एक स्वस्त लॉजिंग होतं.

बंदरावर कामाला आलेल्यांनी सगळ्या खोल्या महिन्याच्या बोलीवर धरलेल्या. कठड्यावर विजारी वाळत घातलेल्या, खिडकीखिडकीत पिवळ्या टोप्या. एकच खोली रिकामी होती. काउंटरवर एक तरुण होता.

"आजी, खोली कुणासाठी?"

"नवरा-बायकोसाठी."

"कुठले आहेत?"

"इथलेच रे, खाडीकाठचे."

"मग नाही जमायचं. जवळच्या गावातल्यांना आम्ही खोली देत नाही."

"का? आम्ही चोर आहोत?"

"तसं नाही. पण ज्यांचं घर इथेच आहे त्यांना खोली कशाला लागते, असं उद्या कुणी विचारलं तर?"

सदू खोकायला लागला. मी म्हटलं, "बाबा, ज्याचं घर माणसांनी भरलंय त्यालाच लागते."

पोरगा हसला, पण खोली दिली नाही. मी त्याला विचारलं, तू कुठला? म्हणाला, चंद्रपूरचा. मग बरोबर. मुळात तोच इथला नाही. पण सदू, मी परत येताना म्हटलं, ज्याला कुणी ओळखत नाही त्याला खोली देतात आणि ओळखीच्याला हाकलतात, हे उलटं नाही का? सदू म्हणाला, "दादी, लॉजिंगचं असंच असतं." त्याला तरी काय कळलंय!

२० जानेवारी

आता माझ्या पद्धतीने केलं. माणूस फोटोत शोधायचा नसतो, नात्यात शोधायचा.

सदूची बहीण पोफळी गावाच्या अलीकडे डोंगरात दिलेली आहे. तिच्या गावात एकाने घरातच चार खोल्या काढल्यात. बाहेर पाटी: राहण्याची व जेवणाची घरगुती सोय. नाव गंगाराम. कुणाचा? भिकाजीचा. मी ताडकन उठले, म्हणजे उठायचं मनात आलं. अगो, भिकाजी तुझ्या दादांच्या बोटीवर स्वयंपाकी होता! दोघे एका ताटात जेवलेले.

फोन लावला. गंगाराम एवढ्याने ओरडला, "चाची! तुमचा नातू म्हणजे माझा पुतण्या की हो! भाड्याचं नाव काढलंत तर मी फोन ठेवीन."

बघा. फोनवरच्या त्या काचेच्या न्हाण्यांपेक्षा हे स्वस्त पडलं की नाही? फुकटाहून स्वस्त काय असतं? झरीन, "उत्तम सोय झाली" असं लिही.

पुन्हा पेन थांबलं. काय झालंय आज या पेनाला?

२४ जानेवारी

दोघे गेले आणि दोन रात्रींत परत आले. आठवडा राहायचं होतं. सोबत कुळथाचं पीठ, आमसुलं, एक कोहळा आणि गंगारामच्या बायकोने दिलेली खणाची चोळी. म्हणजे मान तर भरपूर झालेला दिसतो. तरी नबीलचं तोंड कोहळ्यासारखं.

विचारलं, कसं होतं? नबील म्हणाला, "चांगलं होतं, दादी." आणि झोपायला गेला. म्हणून झरीनला विचारलं. तिचंच तिने लिहावं.

गाडीतून उतरल्या उतरल्या अर्धा गाव भेटायला आला, भिकाजीच्या दोस्ताचा नातू बघायला. नबीलला पडवीत बसवलं. म्हाताऱ्या भिकाजीने बोटीवरच्या गोष्टी सुरू केल्या, एडन बंदरापासून. रात्री त्याचा बिछाना पुरुषांबरोबर पडवीतच घातला, गोष्ट अर्धी राहिली म्हणून. झरीनला कमळाने, म्हणजे गंगारामच्या बायकोने, आत घेतलं. पाहुणीने कामाला हात लावायचा नाही, असं दहादा सांगितलं आणि शेवटी दोघींनी मिळून वीसेक भाकऱ्या भाजल्या. तिचं अंथरूण बायकांत. तुमच्यात कोंबडी आमच्या हातची चालत नाही, म्हणून कमळाने चिपळूणहून सुरमई मागवली होती. केवढी समज बाईला! चार खोल्या होत्या, त्या पुण्याच्या गिऱ्हाइकांना दिल्या. घरच्या माणसांना कोण गिऱ्हाइकांच्या खोलीत ठेवतं?

"मग एडनच्या पुढे बोट गेली का?" मी विचारलं.

झरीन आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, "दादी, तिथे आम्ही पाहुणे होतो."

"मग? पाहुणे म्हणूनच गेला होतात ना?"

"पैसे दिले असते तर कुणीच नसतो."

कुणीच नसायला पैसे द्यायचे? आयुष्यभर मी कुणीतरी असावं म्हणून झटले. या पोरीचं मला काही उमगत नाही. तिने लिहिलंय हे, खोडू नकोस सांगितलंय.

२८ जानेवारी

आज आयात लिहितेय, कारण गोष्ट झरीनची आहे.

तिला खेडहून फोन येतात. सकाळी आला तेव्हा फोन घेऊन विहिरीमागे गेली. मी काठी टेकत तिथवर गेले. ऐकायला नव्हे, कढीपत्ता आणायला. ती म्हणत होती, "मला थोडे दिवस द्या, मॅडम. घरी बोलायला वेळच मिळत नाहीये." मग रक्ताच्या तपासणीचं काहीतरी.

मॅडम, खेड, रक्त, घरी सांगायचंय. मी काय दुधखुळी आहे? बिल्किसला सांगितलं, डिंकाचे लाडू कर. बिल्किसने सुपारी कातरता कातरता विचारलं, "नबील येऊन किती दिवस झाले, अम्मा?" मोजलं. तेही खरंच. मग हे नव्हे.

मग काय आहे? आयात, तुला माहीत आहे. तुझं तोंड सांगतंय. मान हलवू नकोस, ती डायरीत दिसत नाही.

नबीलने बहरीनचा कागद आज टीव्हीखाली ठेवला. जायच्या आधी सही करतो म्हणाला. झरीनने त्याच्यावरची धूळ पुसली. दोनदा पुसली.

१ फेब्रुवारी

आजही आयातच.

पहाटे मी संडासला उठले. डोळे मिटलेलेच. दारातून आत पाऊल टाकलं आणि आत कुजबुज चालली होती ती बंद झाली. झरीनचा आवाज होता, "मला एक विचारायचं..." एवढाच. येताना पुन्हा शांत. चहाच्या वेळी मी म्हटलं, "अगो, एवढं हळू बोलता, मला काही ऐकूच येत नाही." नबील कप ठेवून उठला.

आयात मला मागीलदारी घेऊन गेली. म्हणाली, "दादी, तू रात्रीतून तीनदा त्यांच्या खोलीतून जातेस."

"डोळे मिटून."

"त्यांचे उघडे असतात ना."

माणूस सत्तरीच्या पुढे जातो तेव्हा त्याला वाटतं, आपण भिंतीसारखे झालो, आपलं कुणाला काय. भिंतीला काठीचा आवाज नसतो, हे ध्यानात येत नाही. पण मग मी जाऊ कुठे? गुडघे वाकतात का? दुपारभर हेच डोक्यात. जयगडची खोली मिळेना, डोंगरात मिळाली ती नात्याने भरली, आणि इथली, जिचं भाडं नाही की काच नाही, तिच्यातून मी जाते, बिल्किसची मालिका जाते, अर्धी वाडी जाते.

संध्याकाळी गंगारामला फोन लावला. तो मागे म्हणाला होता, "चाची, तुम्ही कधी येणार?" म्हटलं, येतो. सगळ्या येतो.

४ फेब्रुवारी

उद्या मी, बिल्किस आणि आयात भाड्याच्या गाडीने डोंगरात जाणार. तीन दिवस. नबील-झरीन घरी.

बिल्किस कपाळाला हात लावून बसली. "लोक काय म्हणतील अम्मा, तरुण जोडी घरात एकटी!"

"जोडी एकटी कशी असेल गो?"

"आणि भेटायला येतील त्यांना काय सांगायचं?"

ते मी ठरवलंय. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. दोघे मागल्या दाराने. वाडीला वाटेल, सगळेच गेले. किल्ली सदूकडे, आणि सदूच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून त्याला नुसतं सांगितलंय, घराकडे लक्ष ठेव. टीव्हीची वायर बिल्किसच्या पिशवीत घातलीय. तिलाही ठाऊक नाही.

झरीनला सांगितलं तेव्हा तिने वाकून माझ्या काठीचं रबर नीट केलं. ते नीटच होतं.

६ फेब्रुवारी

गंगारामचं घर. लिहितेय आयात, आणि वैतागलीय, इथे तिच्या फोनला रेंज नाही. फोन लागतो तो फक्त गोठ्याच्या मागे.

मान खूप. गंगारामने माझ्यासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून संडासात ठेवलंय. असा मुलगा अल्लाने सगळ्यांना द्यावा. भिकाजी म्हातारा अजून एडनलाच आहे. तुझ्या दादांबद्दल बरंच काही सांगतो. ते हसायचे म्हणे खूप. रात्री वल्ही मारल्यासारखे हात करून गायचे. मी म्हटलं, असेल. घरी तर कधी गायले नाहीत. घरी आले की दिवाणखान्यात बसायचे, लोक भेटायला यायचे, आणि मग जायचा दिवस यायचा.

दुपारी सदूचा फोन. आयात गोठ्यामागे फोन धरून उभी, मी शेजारी.

"दादी, मोठा घोटाळा! कुलूप लावलेल्या घरातून ओरडण्याचे आवाज येतायत! भांडं फुटल्याचासुद्धा. अर्धी वाडी जमलीय. माझी बायको चिमा म्हणतेय, भूत आहे, भगताला बोलवा."

मी या पोरांना एकमेकांशेजारी बसायला घर दिलं, आणि ती एकमेकांवर ओरडतायत! बिल्किसने पिशवी भरायला घेतली. "मी सांगत होते, अम्मा!" गंगाराम म्हणाला, गाडी काढतो. तेवढ्यात सदूच म्हणाला, थांबा, थांबा, खिडकी उघडली. मग गलका. मग सदू परत आला आणि म्हणाला, "दादी, नबीलभाय म्हणाले, भूत नाही, आम्हीच आहोत, भांडतोय, घरी जा. आणि खिडकी लावून घेतली."

"आणि झरीन?"

"भाभी मागून ओरडल्या, 'सदूभाऊ, कुलूप राहू दे!'"

हे काय ते मला कळलं नाही. जावं की राहावं? बिल्किस म्हणाली जावं. आयात म्हणाली, "दादी, ती म्हणाली, कुलूप राहू दे." शेवटी राहिलो. पण घास उतरला नाही, आणि कमळाने तो जबरदस्तीने उतरवला.

८ फेब्रुवारी

घरी आलो. झरीन लिहितेय. आवाज बसलाय तिचा.

सदूने कुलूप काढलं तेव्हा दोघे ओटीवर समोरासमोर बसलेले, मधे परात, पावटे सोलत. नबीलच्या बोटाला फडकं. भात त्याने लावलेला, खालून करपलेला, आणि एक बशी कमी. मी आधी पोरीला उजेडात नेलं, हात बघितले, चेहरा बघितला.

"मारलं-बिरलं?"

"छे हो दादी! बशी त्यांच्या हातून पडली. भांडी घासत होते."

"घासत भांडत होतात?"

"मग? भांडीही पडलेली होती ना."

मग सगळं बाहेर आलं. खेडच्या तपासणी केंद्रातल्या मॅडम तिला नोकरी देतायत. महिना झाला, ती उत्तर मागे ढकलतेय. नबीलला सांगायचं होतं, पण फोन यायचा तो सगळ्यांसमोर स्पीकरवर, आणि तो आला तर समोर टीव्ही, बिल्किस, वाडी आणि मी. तिकडे नबीलला वाटत होतं, बायकोला सोनं हवं, मोठं घर हवं, म्हणून तीन वर्षांची सही करायची. तिला वाटत होतं, याला परतच यायचं नाही. दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी बोलले, म्हणे, फार गोड. दुसऱ्या दिवशी खरं बोलले.

नबील म्हणाला, "मी कुणासाठी करतोय, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला विचारलंत का कधी, काय हवंय ते?"

"मग?"

"मग मी ओरडलो. मग ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली." आणि हे सांगताना हसत होता माझा नातू! बक्षीस मिळाल्यासारखा!

झरीन म्हणाली, "दादी, वर्षात पहिल्यांदा पोटभर भांडलो." आणि परातीतला एक दाणा त्याच्या डोक्यावर मारला.

म्हणजे यासाठी मी रिक्षा फिरवली, गंगारामला उठवलं, टीव्हीची वायर चोरली! आयात, तुझ्या त्या फोनमधल्या जागांत भांडायला खोल्या देतात का? देत असतील तर तसं लिहीत का नाहीत?

बिल्किस रुसलीय. सून खेडला जाणार, नोकरी करणार, शनिवारी येणार, हे काय घर झालं? नबील तिच्याजवळ बसून राहिला संध्याकाळभर. काय बोलला ठाऊक नाही. मी तिकडे गेले नाही.

२३ फेब्रुवारी

रविवार. झरीन काल संध्याकाळी खेडहून आली. आठवडाभर तिथे तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते, रक्त तपासते. हाताला औषधाचा वास येतो, बांगड्याचा नाही.

नबील मंगळवारी गेला. सही एका वर्षाची केली. कंपनी पगार वाढवायला तयार नाही म्हणाली, पण एका वर्षाला हो म्हणाली. पुढचं पुढे. निघताना दोघे दारात पुन्हा भांडत होते, चार्जर कुणी ठेवायचा यावरून. मला आता भीती वाटत नाही त्याची. कळत मात्र अजून नाही.

जायच्या आधी नबीलने मागल्या पडवीत माझ्यासाठी दुसरा कमोड बसवून घेतला. बाजूला लोखंडी दांडा, धरून उठायला. वाडीतली माणसं तो बघायला येतात आणि चहा पितात. झरीनच्या खोलीचं दार आता लावलेलं असतं. टीव्ही ओटीवर आलाय. बिल्किस नाराज आहे, पण मालिका चुकवत नाही.

आज मी एकटीच दुपारी कपाट उघडून बसले होते. सगळं हिरवं. पोपटी, गर्द, शेवाळी. एकेक घडी हातात घेतली. भिकाजी म्हणाला तसे ते गात असतील, हसत असतील. मी काय ओळखत होते त्यांना? दोन महिने यायचे. पाहुण्याला कुणी नको म्हणतं का?

आयात, तू बाहेर जा. बिल्किस, तूसुद्धा. झरीन राहा, तुझी बोटं लागतात. दार लाव. कडी घाल गो, नुसतं लोटू नकोस.

आता लिही. तुझ्या दादांना.

अहो, हिरवा रंग मला आवडत नाही. पहिल्या खेपेला आवडला नव्हता, शेवटच्यालाही नाही. मला जांभळं हवं होतं. रत्नागिरीच्या बाजारात एकदा दाखवलंही होतं तुम्हाला, तुम्ही बंदराकडे बघत होतात. जन्मभर मला हिरवं नेसवलंत, आणि एकदा विचारलं नाहीत. लाज नाही वाटली?

लिहिलंस? मोठ्या अक्षरात लिही, ओरडल्यासारखं.

आता तुमचं काय ते तुम्ही बोला. घाई नाही. दाराला कडी आहे, कुणी येणार नाही.